डोक्यावरून कानापर्यंत

केडुंगवारू गावात कुणाला "तुमचं पोरगं किती वर्षांचं?" असं विचारलं की नवरा-बायकोचं भांडण लागे. वार मात्र सगळ्यांना पाठ. बाजाराचा आठवडा पोन, लेगी अशा पाच वारांचा आणि कॅलेंडरचा सात दिवसांचा. मूल जन्मलं त्या दिवसाचे दोन्हीकडचे वार जोडून आईला, आजीला, अगदी शेजारणीलाही झोपेतून उठवून विचारावेत. पोरगी बुधवार-पोनची, पोरगा शुक्रवार-लेगीचा, यात चूक व्हायची नाही, कारण लग्न जमवायचं असो की विहीर खणायची, सगळं त्याच वारावर ठरे. वर्षाचा हिशेब मात्र नदीच्या भरवशावर. "नदीने बांबूचा पूल नेला ना, त्या सालचा," असं जो तो सांगे. आणि नदी तर दोन-तीन वर्षांआड पूल नेतच असे.

म्हणून दर्सोनो गुरुजी शाळेत नाव घालताना वयाच्या भानगडीत पडत नसत. मुलाने उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. मान सरळ, खांदा खाली. बोटं कानाला लागली की मूल शाळेचं झालं. नाही लागली तर पुढच्या जानेवारीत या. आसपासच्या सगळ्या गावांत हाच कायदा होता आणि त्यावर अपील नव्हतं.

कायदा म्हटला की त्यात भोकं आलीच. सरपंचांची धाकटी लेक हाताने वेलीसारखी लांब. पाच वर्षांचीही नसताना तिचा हात कानाला लागला, सरपंचीणबाई मिरवल्या, आणि पोरगी वर्षभर पहिलीच्या बाकावर झोपली. बाक मधूनमधून ओला होई तो वेगळाच. उलट वाकिदीचा तुगिमान. वरचे दात पडून नवे आले, पन्नास बदकं एकटा तळ्यावर नेऊन परत आणू लागला, तरी त्याचा हात कानापर्यंत पोचेना. डोकं हे एवढं! दरवर्षी हात वाढे, आणि डोकं म्हणे मी का मागे राहू.

तर अशा या कायद्यामुळे, डिसेंबरात रांबुतानची झाडं लालेलाल झाली की कार्सीच्या ओसरीवर आयांची रांग लागे.

कार्सी गावची मालीशवाली. बाळाची नाळ पडली की तिला बोलावणं जायचं, आणि पोर पळायला लागेपर्यंत ते तिच्या हाताखालून सुटायचं नाही. गावातला एकही पाय असा नव्हता जो तिने कधी ओढला नव्हता. पंचायतीचा कारकून मोठ्या ऐटीत सायकलवरून जाताना तिला दिसला की ती हमखास म्हणे, "याला पोटदुखी फार." अंगाने ती ठेंगणी, गोलसर, तळहात मात्र दुसऱ्याच कुणाचे आणून बसवल्यासारखे मोठे. ही विद्या तिला सासूने दिली, रोजच्या दोन टोमण्यांसकट. नवरा माडावर चढून नीरा काढायचा. एका ओल्या सकाळी तो माडावरून पडला आणि गेला. पाठोपाठ सासू गेली. मूलबाळ नव्हतं. मग बरीच वर्षं कार्सीच्या घरात आवाज म्हणजे कोंबड्यांचा तेवढा.

लोक तिला 'यू कार्सी' म्हणत. यू म्हणजे ताई. तिच्याहून मोठी माणसंही यूच म्हणत, कारण ज्या बाईने तुमच्या नातवाचं पोट साफ केलंय तिच्याशी मोठेपणा काय दाखवायचा.

जानेवारीच्या तोंडावर येणाऱ्या आयांचं एकच मागणं असे. खोबरेल तेलात लाल कांदा ठेचून कार्सी पोराचा हात खांद्यापासून बोटापर्यंत चोळून काढी, आणि आई शेजारी उकिडवी बसून विचारी, "लांब होईल ना, यू?"

"हात भाताने लांब होतो. तेलाने मऊ होतो," कार्सी सांगायची.

पण हे ती इतकं हळू, आणि आणलेली अंडी आत ठेवता ठेवता सांगायची, की कुणाला ऐकूच जायचं नाही.

या कामात तिला एक भागीदारीण होती. रुमी. कार्सीच्या थोरल्या बहिणीची पोर. सरकार सुमात्रात जमीन देतंय म्हणून बहीण आणि मेहुणा बोटीने निघाले, तेव्हा रुमीला डांग्या खोकला झाला होता. "बरी झाली की नेऊ," असं म्हणून ठेवली. रुमी बरी झाली. तिकडची जमीन पिकली. तिकडे आणखी दोन पोरं झाली. आणि न्यायची गोष्ट दोन्हीकडून हळूहळू निघेनाशी झाली. रुमी कार्सीला बूलिक म्हणायची, म्हणजे धाकटी मावशी, पण हाक मारायची ती आईला मारावी तशी, दर दोन मिनिटांनी आणि काही काम नसताना.

सकाळी दोघी निघत. पुढे तेलाची वाटी धरून रुमी, मागे कार्सी. बाळ तेल लागताच भोकाड पसरी. मग रुमी त्याच्या तोंडापुढे तोंड नेऊन बदकाचं एक गाणं म्हणे. गाणं तिनेच रचलेलं. बदक बाजारात जायचं, टोपी घ्यायचं, सरपंचांना भेटायचं. त्याला शेवट नव्हता, त्यामुळे मालीश संपेपर्यंत पुरायचं. बाळ तोंड उघडं टाकून ऐकत राही. येताना दोघी वाटभर बोलत. घरी आल्यावर त्यावर पुन्हा बोलत. कोंबडीने अंडं दिलं तरी त्या घरात चर्चा व्हायची.

त्या वर्षी ओसरीवर पोरांची रांग लागली तेव्हा रुमी त्यांना शिकवायला उभी राहिली.

"असा न्यायचा, बघा. कोपर वर. मग बोटं खाली. लागला."

कार्सी दुसऱ्याच कुणाचा तरी दंड चोळत होती. तिचे हात थांबले. रुमीची तीन बोटं डाव्या कानावर आरामात बसली होती, फांदीवर चिमण्या बसाव्यात तशी.

"यू, इकडं बघा ना, याचा खांदा," पोराची आई म्हणाली.

"बघतेय," कार्सी म्हणाली, पण बघत ती तिकडेच होती.

शाळेच्या फाटकाशी पार्ती बसायची. उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची तिखट चटणी घालून ती केळीच्या पानात विकायची, आणि सोबत गावच्या बातम्या फुकट. कार्सीला नुसतं 'कार्सी' म्हणणारी गावात ती एकटीच.

"या वर्षी रुमी ना, कार्सी?"

"लहान आहे अजून."

"पूल गेला त्या सालची ती."

"कुठला पूल?"

"जो गेला तो."

"मग पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही कुठला तरी जाईलच."

पण नाव घालायचा सोमवार आला तेव्हा न्यायलाच हवं होतं. रुमी पहाटेच उठून, तोंड धुऊन, दारात बसली होती. पाच-पाच मिनिटांनी कान धरून बघत होती, जागेवर आहे ना म्हणून.

"ये, केस बांधते," कार्सी म्हणाली.

पेटीच्या तळाशी तिच्या लग्नातलं गंगावन होतं. ते तिने झटकलं. आमच्याकडे अंबाडा मानेवर बांधतात, पोरीबाळींना तर तोही नाही. कार्सीने रुमीचे केस वर ओढले, त्यात गंगावन गुंडाळलं, आणि बरोबर टाळूवर एक अंबाडा असा उभा केला, की दुरून बघणाऱ्याला वाटावं पोर डोक्यावर नारळ घेऊन चाललीय.

"बूलिक, जड आहे."

"लग्नात मलाही जड झालं होतं."

"माझं लग्न आहे?"

"शाळा आहे."

"शाळेत नवरी लागते?"

"हलू नकोस."

शाळेच्या व्हरांड्यात रांग होती. दर्सोनो गुरुजी खुर्चीवर, चष्मा दोऱ्याने गळ्यात. एकेक पोर पुढे येई, हात डोक्यावरून नेई, आणि आया श्वास रोखून असं बघत की जणू त्या स्वतःच हात पुढे ढकलतायत. तुगिमान आला, यंदाही त्याची बोटं भुवईपाशी अडली, तो खाली मान घालून बाजूला झाला. मग रुमी.

तिचा हात मोठ्या दिमाखात वर गेला. अंबाड्यावर चढला, जरा घसरला, माथ्यावरून पलीकडे उतरला, आणि बोटं कानशिलाच्या वरच हवेत लोंबकळत राहिली. रुमीने मान वाकडी केली.

"मान सरळ," गुरुजी म्हणाले.

"डोंगर चढून हात दमला बिचारा," मागून कुणीतरी म्हणालं, आणि व्हरांडा हसला. रुमी हसली नाही. ती आपल्या बोटांकडे बघत होती, उसनं दिलेलं भांडं पोचा पडून परत आल्यावर बघावं तशी.

गुरुजींनी अंबाडा पुढून पाहिला, बाजूने पाहिला. मग कार्सीकडे पाहिलं. कार्सी छपरावरची पाल बघत होती.

"यू, परवा बाजारात पाहिलं तेव्हा हे डोकं एवढं उंच नव्हतं."

"वाढीचं वय आहे, गुरुजी."

"असेल." गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "बायकांच्या अंबाड्याला हात घालायची माझी हिंमत नाही. घरी एकदा घातला होता. शाळेत नाव घालायला शनिवारपर्यंत वेळ आहे."

फाटकाशी पार्तीने चटणी वाटता वाटता मानही वर न करता विचारलं, "काय गं, लोकांच्या पोरांचे हात ओढतेस, आणि आपल्या पोरीच्या डोक्यावर डोंगर ठेवतेस?"

"तुझ्या चटणीत शेंगदाणे कमी झालेत, तिकडं बघ आधी."

"शेंगदाण्यांचं मी बघते. तू पोरीचं बघ."

घरची वाट भाताच्या खाचरांमधून जायची.  रुमी बोलत नव्हती, त्यामुळे बेडूक ऐकू येऊ लागले.

"बूलिक, काल लागत होता."

"कालचं काल."

"रात्रीत आखडला?"

"थंडीने आखडतो कधी कधी."

केडुंगवारूत कधी थंडी पडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पण रुमीने ते ऐकून घेतलं आणि डावा हात उजव्या दंडावर ठेवून चालू लागली, ऊब द्यायला.

दुपारी सास्त्रोच्या घरी बाळाचं मालीश होतं. बाळ रडू लागलं, रुमीने तोंड पुढे नेलं, गाणं सुरू केलं. आणि त्या दिवशी त्या गाण्याला पहिल्यांदाच शेवट आला. बदक तळ्यावर गेलं आणि बुडालं. संपलं. बाळ क्षणभर वाट बघत राहिलं, मग त्याने जे भोकाड पसरलं ते कार्सी दारातून बाहेर पडेपर्यंत आवरलं नाही.

संध्याकाळी कार्सी चुलीपाशी असताना रुमी आली. हातात तेलाची वाटी. ती समोर मांडी घालून बसली, उजवा हात पुढे केला, आणि दुसऱ्या हाताने एक अंडं जमिनीवर ठेवलं.

"हे काय?"

"सगळे देतात."

"आपल्याच कोंबडीचं आहे ते."

"मग काय झालं? माझा हात मोकळा कर. तू सगळ्यांचे करतेस."

कार्सीने तेल घेतलं. खांद्यापासून अंगठे दाबत खाली आली. दंड, कोपर, मनगट. पोरांचे हात आयुष्यभर चोळून चोळून तिच्या हातांना एक सवय लागली होती; ते बघत नसत, पण त्यांना सगळं कळे. हा हात कुठेच आखडलेला नव्हता. चांगला, सरळ, वाढलेला, तिच्या वाटीत वर्षभर बोटं बुडवत आलेला हात. कार्सीच्या तोंडाला थोडंफार खोटं बोलायची सवय होती. हातांना नव्हती. ती चोळत राहिली.

मग आंघोळीला विहिरीवर नेलं. आंघोळीआधी केस सोडायलाच लागले. गंगावन सुटलं, अंबाडा कोसळला, केस पाठीवर आले. रुमीने सवयीने हात डोक्यावरून नेला.

"लागला," ती म्हणाली. पुन्हा नेला. "बूलिक, लागला. तेलाने लागला."

कार्सीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण तोवर रुमी अंगाला पंचा गुंडाळून कुंपणापलीकडे गेली होती, आणि पहिल्या घरात सांगून दुसऱ्या घराकडे निघाली होती.

सकाळी कार्सीने दार उघडलं तर अंगण भरलेलं. नापास झालेली सगळी पोरं, त्यांच्या आया, टोपल्या, केळीचे घड, एक अख्खी कोंबडी. दोन पोरं तर अजून अंगावर पिणारी. एक म्हातारी दुखरा खांदा घेऊन आली होती. तिला शाळेत जायचं नव्हतं, पण हात एका रात्रीत मोकळा होतोय म्हटल्यावर कोण घरी बसेल? सगळ्यांच्या पुढे वाकिदीची बायको, आणि तिच्या पुढे तुगिमान, डोकं चकचकीत तेल लावून.

"हात भाताने लांब होतो," कार्सी म्हणाली. या वेळी मोठ्याने म्हणाली.

"वा," वाकिदीची बायको म्हणाली. "आपल्या पोरीला तेल आणि आमच्या पोरांना भात?"

"अगं, खरंच सांगते."

"मग रुमीचा कसा लागला? सकाळी नाही आणि संध्याकाळी लागला. गावाने पाहिलंय."

"मी पाहिलं," रुमी दारातून म्हणाली. ती एकेका पोराला रांगेत नीट उभं करत होती.

पार्तीही आली होती. तिला काही हवं नव्हतं. पण गावात काही घडत असताना ती दुसरीकडे कशी असेल? ती ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिली आणि काही बोलली नाही. पार्ती काही बोलत नाही हे बघून कार्सीला जास्त धास्ती वाटली.

रांगेतल्या पोरांपैकी एकाने हात डोक्यावर नेऊन कान शोधायला सुरुवात केली होती. त्याची आई त्याचं कोपर धरून ओढत होती, आणि पोराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "ओढू नकोस, उखळीतून निघेल," कार्सी म्हणाली, आणि आत गेली. बाहेर आली ती हातात गंगावन घेऊन. ते तिने सगळ्यांसमोर, मेलेला साप काठीवर धरावा तसं, हात लांब करून धरलं.

"हे बांधलं होतं डोक्यावर. आंघोळीला सोडलं. हात तेवढाच होता. झालं."

 केळीच्या घडावर एक माशी येऊन बसली ती उडवायलाही कुणी हललं नाही. मग वाकिदीच्या बायकोने तुगिमानकडे वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे... याच्या डोक्यावरूनही काही काढता येईल?"

मग सगळे हसले. तुगिमानही हसला, त्याला कळलं नव्हतं तरी. हसू ओसरल्यावर म्हाताऱ्या बाईने खांदा धरून विचारलं, "पण कशाला गं, यू? लोक पोरं आत जावीत म्हणून धडपडतात."

कार्सी गंगावन गुंडाळत होती.

"सकाळी मला बोलायला कुणी नसतं," ती म्हणाली.

"मी नाही का?" पार्ती म्हणाली.

"तू बोलतेस. ऐकतेस कुठं?"

यावर पार्तीला उत्तर सुचलं नाही. हे गावात बरेच दिवस सांगितलं गेलं.

 रुमी पुढे आली, गंगावनाला एक बोट लावून बघितलं, मग कार्सीकडे बघितलं. कार्सीने खाली बघितलं.

"मग माझं अंडं परत दे," रुमी म्हणाली.

कार्सीने आत जाऊन अंडं आणलं आणि दिलं. रुमीने ते उजेडात धरून पारखलं, तेच आहे ना म्हणून.

त्याच दिवशी दोघी शाळेत गेल्या. रुमीचे केस मोकळे, मागे साधी गाठ.  वाटेत रुमीने बेडकांवर चर्चा सुरू केली, त्यामुळे कार्सीला कळलं की माफी मिळालीय. मागून वाकिदीची बायको तुगिमानला घेऊन निघाली होती. तिचं म्हणणं, आलोच आहोत तर एकदा पुन्हा बघून येऊ.

रुमीचा हात डोक्यावरून गेला आणि बोटं कानावर बसली.

"एका दिवसात डोकं उतरलं," गुरुजी म्हणाले.

"उतरलं, गुरुजी," कार्सी म्हणाली.

"होतं असं." त्यांनी नाव लिहिलं. मग तुगिमानचा हात परत भुवईपाशी अडला, तेव्हा गुरुजींनी लेखणी खाली ठेवली. "बदकं किती आहेत रे तुझ्याकडे?"

"एक्कावन्न. काल पन्नास होती. एक सरपंचांचं आलंय चुकून."

"ते परत दे. आणि ये आत. तुझ्या हाताची वाट बघत बसलो तर मी म्हातारा होईन."

पुढच्या सोमवारी रुमी शाळेत गेली. कार्सी एकटी सास्त्रोच्या घरी. एका हातात वाटी, तीही लहान वाटली. बाळाने तिला पाहिलं, तिच्या मागे कुणी नाही हे पाहिलं, आणि तेल लागायच्या आधीच सुरू झालं. कार्सीने बदकाचं गाणं म्हणायचा प्रयत्न केला. बदक बाजारात गेलं इथपर्यंत तिला येत होतं. पुढे टोपी आधी की सरपंच, ते आठवेना. बाळाची आजी आतून म्हणाली, "यू, राहू दे. तसाच रडू दे त्याला."

घरी येऊन तिने भात टाकला तोच रुमी आली. नवा झगा मळलेला, एका गुडघ्यावर माती, तोंडावर मोठं काम उरकल्याचा भाव.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"शाळा. जाऊन आले."

कार्सीला आधी कळलं नाही. मग कळलं. रुमीने आजवर गावात जी मोठी कार्यं पाहिली होती, सुंता, लग्न, बारसं, ती सगळी अशीच होती. नवे कपडे घालायचे, लोक जमायचे, थोडा वेळ रडारड, मग खाणं, आणि संपलं. कुणाची सुंता रोज होत नाही.

"उद्या परत जायचं असतं," कार्सी म्हणाली.

"परत? कशाला?"

"रोज जायचं असतं."

"किती रोज?"

"सहा वर्षं."

रुमी खाली बसली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"मग मी नाही जात," ती थोड्या वेळाने म्हणाली. "ते नुसतं हाताची घडी घालून बसवतात. गुरुजींना एकच गाणं येतं. मी तुझ्याबरोबर येते."

चुलीतलं लाकूड कार्सीने आत सरकवलं. आता गंगावन नको, थंडी नको, पाल बघायला नको. पोर स्वतःच म्हणतेय. दरवर्षी दोन-चार पोरं पहिल्याच आठवड्यात शाळा सोडत, आणि गुरुजी कुणाच्या मागे धावत नसत. लहान आहेत, पुढच्या वर्षी येतील, म्हणत. गाव काही म्हणणार नव्हतं. पार्ती म्हणाली असती, पण ती काय, कशावरही म्हणते. नुसतं "बरं" म्हटलं की झालं. उद्या सकाळी पुढे वाटी आणि मागे आपण.

"आज सास्त्रोचं बाळ रडलं?" रुमीने विचारलं. ती अंगठ्याने गुडघ्यावरची माती काढत होती, पण कान इकडे होते. "फार रडलं असेल ना?"

कार्सीने भातावरचं झाकण उचललं. वाफेत तिचं तोंड दिसेनासं झालं.

"नाही," ती म्हणाली. "गप पडून होतं."

"माझ्याशिवाय?"

"तुझ्याशिवाय."

"अजिबात नाही रडलं?"

"हसलंसुद्धा एकदा."

रुमीचा खालचा ओठ पुढे आला. त्या रात्री ती जेवली, पण भिंतीकडे तोंड करून; बाळ हसलं हे तिला लागलं होतं. सकाळी उठायला तयार नव्हती. कार्सीने तिला उचलून तोंड धुतलं, झगा घातला, हाताला धरून फाटकापर्यंत नेलं. तिथे रुमीने कार्सीच्या कमरेचा सारोंग मुठीत पकडला आणि पाय रोवले. पार्ती चटणी वाटायची थांबली होती. कार्सीने वाकून एकेक बोट सोडवायला सुरुवात केली. करंगळी, मग दुसरं. बोटं मजबूत होती. तिनेच चोळून केलेली.

तेवढ्यात वर्गाच्या दारातून तुगिमानचं डोकं बाहेर आलं.

"रुमी," तो ओरडला, "तुझ्या जागेवर सरपंचांची पोर बसलीय. पुन्हा पहिलीतच आहे ती. झोपलीय."

"माझ्या जागेवर?"

"पाय पण वर घेतलेत."

उरलेली बोटं सोडवायची वेळच आली नाही. सारोंग सुटला, रुमी फाटकातून आत गेली, व्हरांड्याच्या पायऱ्या दोन-दोन करत चढली, आणि लगेच आतून तिचा आवाज आला, मग सरपंचांच्या पोरीचा, मग गुरुजींचा. गुरुजींचा सगळ्यांत कमी ऐकू येत होता.

कार्सीने सारोंगवर पडलेल्या चुण्या हाताने सारख्या केल्या. फाटकाशी ठेवलेली तेलाची वाटी उचलली आणि सास्त्रोच्या घराच्या वाटेला लागली. बाळ आतापर्यंत जागं झालं असणार.